चारशे गुणिले चारशे, पुन्हा गुणिले चारशे

एक आकडा सांगतो. आधी नीट बसून घ्या.

बेतार नावाचं एक गाव होतं. जेरुसलेमच्या नैऋत्येला, टेकडीवर. रोमन साम्राज्याविरुद्ध बार कोखबानं उभारलेल्या बंडाची शेवटची लढाई इथेच झाली आणि इ.स. १३५ मध्ये हे गाव पडलं. तालमूद हा ज्यूंचा प्रचंड धर्मग्रंथ या गावाबद्दल सांगतो की बेतारमध्ये ४०० सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनेची घरं, होती. ठीक आहे, मोठं गाव असेल. पण पुढे ऐका. प्रत्येक सिनेगॉगमध्ये मुलांना शिकवणारे ४०० गुरुजी होते. आणि प्रत्येक गुरुजींच्या हाताखाली ४०० मुलं!

करा गुणाकार. चारशे गुणिले चारशे म्हणजे १ लाख ६० हजार गुरुजी. त्याला पुन्हा चारशेनं गुणा. ६ कोटी ४० लाख मुलं!

सहा कोटी चाळीस लाख. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे आजोबा-आजी, आई-बाबा, तान्ही बाळं सगळी धरून जो महाराष्ट्र होतो, त्याच्या निम्म्याहून जास्त. आणि ही नुसती शाळेत जाणारी पोरं, तीही एका टेकडीवरच्या गावातली. या मुलांची हजेरी घ्यायची ठरवली, दर सेकंदाला एक नाव, जेवण नाही, झोप नाही, तर हजेरी संपायला दोन वर्षं आणि वर दहा दिवस लागतील. मुंबईच्या लोकलनं त्यांना घरी सोडायचं म्हटलं, तर लोकल दिवसाला ७५ लाखांच्या आसपास माणसं वाहते. साडेआठ दिवस लोकलमध्ये दुसरा एकही प्रवासी चढवायचा नाही, फक्त बेतारची मुलं!

एवढी मुलं त्या टेकडीवर मावणार नाहीत हे तो आकडा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असणार. बेतार पडल्यावर त्या मुलांचं काय झालं हे तालमूद लगेच पुढे सांगतो, आणि ते वाचवत नाही. ज्याचं सगळं गेलं तो माणूस शेकड्यानं मोजत नाही. पण माझं लक्ष वेधून घेतलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. गाव किती मोठं होतं हे सांगताना त्यांनी घरं मोजली नाहीत, तटबंदी मोजली नाही, घोडे मोजले नाहीत. मोजली ती सिनेगॉग, आणि सिनेगॉगमधली शाळा. त्यांच्या लेखी गावाचं माप तेच होतं.

जेरुसलेमचंही तेच. इ.स. ७० मध्ये रोमनांनी हे शहर उद्ध्वस्त केलं, त्याआधी तिथे ४८० सिनेगॉग होती असं जेरुसलेमचा तालमूद सांगतो. शहराचा पसारा आजच्या मापानं दोन चौरस किलोमीटरांच्या आतबाहेर. म्हणजे एका चौरस किलोमीटरला २४० सिनेगॉग! शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं आहे. या हिशेबानं नुसत्या शिवाजी पार्कात २७ सिनेगॉग बसवावी लागतील. आज मुंबईसारख्या अवाढव्य शहरात ती दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून संपतात.

आता इथे एक गल्लत होऊ द्यायची नाही. जेरुसलेमचं मंदिर वेगळं आणि सिनेगॉग वेगळं. मंदिर एकच होतं. बेथ हमिकदाश, पवित्र घर. यज्ञबळी फक्त तिथे, पुरोहित फक्त तिथले. हेरोद राजानं त्याचा परिसर वाढवला तेव्हा डोंगरमाथ्याभोवती भिंती उभारून जो चौथरा केला, तो जवळजवळ १ लाख ४४ हजार चौरस मीटरचा. सव्वा शिवाजी पार्क! त्याला आधार देणारी पश्चिमेची भिंत ४८८ मीटर लांब आहे. टीव्हीवर आपण जिथे लोक प्रार्थना करताना, फटींत चिठ्ठ्या खोचताना पाहतो तो तिचा फक्त ५७ मीटरचा तुकडा. बाकीची भिंत घरांच्या मागे आणि जमिनीखाली आहे. तिथे बोगद्यात एक दगड आहे, १३.६ मीटर लांबीचा. एकच दगड, आणि रेल्वेच्या अर्ध्या डब्याहून लांब! त्याच्या वजनाचे अंदाज कमीतकमी २५० टनांपासून सुरू होतात आणि ५०० टनांच्या वर जातात. आपल्या एक्स्प्रेस गाड्या ओढणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं असतं. कमीतकमी धरा, तरी दोन इंजिनं. जास्तीत जास्त धरा, तर चार इंजिनं एका दगडात! आणि हा दगड दोन हजार वर्षांपूर्वी बैल, दोर, लाकडी ओंडके आणि माणसांच्या बळावर जागेवर बसवला.

हे सगळं इ.स. ७० मध्ये गेलं. भिंत राहिली, मंदिर गेलं. एका जागेवर, एका इमारतीवर सगळा डोलारा असलेल्या धर्माचं त्या दिवशी काय व्हायला हवं होतं? संपायला हवं होतं. पण संपला नाही, कारण सिनेगॉग नावाची गोष्ट आधीच जन्माला आली होती. ती चालवायला चार इंजिनांच्या वजनाचा दगड लागत नाही. काय लागतं माहीत आहे?

दहा.

दहा टन नाही, दहा एकर नाही. दहा माणसं. परंपरेनुसार तेरा वर्षांवरचे दहा पुरुष, आणि सुधारणावादी पंथांत स्त्रियाही मोजल्या जातात. या दहांच्या जमावाला म्हणतात मिनयान, आणि मिनयान या शब्दाचा अर्थच मुळी ‘मोजणी’. दहा जमले की सामूहिक प्रार्थना होते, तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वाचता येते, मृतांसाठी कद्दिश म्हणता येतं. नऊ असतील तर थांबायचं. जिन्यावर बसून दहाव्याची वाट बघायची. गंमत म्हणजे माणसं बोटानं मोजायची नाहीत असा संकेत आहे. मग दहा झाले की नाही हे कळणार कसं? त्यांनी बायबलातलं नेमकं दहा शब्दांचं एक वचन शोधून ठेवलंय. एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. वचन पुरं झालं की मिनयान पुरा!

म्हणूनच या जागेची नावं बघा. हिब्रूत तिला म्हणतात बेथ क्नेसेत, म्हणजे जमण्याचं घर. ग्रीकमध्ये तेच झालं सिनेगॉग, एकत्र येणं. इजिप्तमधले ज्यू दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिला नुसतं ‘प्रार्थना’ म्हणत. तिसऱ्या टॉलेमीच्या काळातले, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातले शिलालेख तसं सांगतात. पूर्व युरोपातला ज्यू म्हणतो शूल, म्हणजे शाळा, आणि बेतारच्या चारशे गुरुजींची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पोर्तुगालहून परागंदा झालेले म्हणतात एस्नोगा. अमेरिकेतले सुधारणावादी म्हणतात टेम्पल. आणि कोकणातल्या, तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींनी, म्हणजे आपल्या शनिवार तेल्यांनी तिला काय म्हटलं? मशीद! आजूबाजूला मूर्ती नसलेलं प्रार्थनेचं जे घर दिसत होतं त्याचंच नाव त्यांनी आपलंसं केलं. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं, शाआर हारहमीम, दयेचं दार. ती झाली जुनी मशीद. पुढे १८४० मध्ये दुसरं झालं, ती नवी मशीद. मध्य रेल्वेच्या मशीद स्टेशनाचं नाव या जुन्या मशिदीवरूनच पडलं असं मानतात. रोज हजारो हमाल, व्यापारी, कारकून तिथे उतरतात. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं, १८६७ मध्ये पुरं झालेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग लाल विटांचं आहे, त्याचा मनोरा नव्वदेक फुटांचा. पुणेकरांनी त्याला सरळ लाल देऊळ करून टाकलं. मुंबईत मशीद, पुण्यात देऊळ, आणि आत तीच तोरा!

दहापासून सुरू झालेलं हे घर जेव्हा फुगतं तेव्हा किती फुगतं, आता ते बघू. चला अलेक्झांड्रियाला.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात रोमन काळात एक महासिनेगॉग होतं. ज्यानं ते पाहिलं नाही त्यानं वैभव पाहिलंच नाही, अशा थाटात तालमूद त्याचं वर्णन करतो. खांबांच्या दुहेरी रांगा. आत कधीकधी इजिप्तमधून बाहेर पडलेल्यांच्या दुप्पट माणसं असत. बाहेर पडलेले किती, तर ६ लाख. दुप्पट म्हणजे १२ लाख! वानखेडे स्टेडियममध्ये ३३ हजार माणसं बसतात. छत्तीस वानखेडे शेजारी शेजारी ठेवा. आषाढी एकादशीला पंढरपुरात लोटणारा जनसागर डोळ्यांपुढे आणा आणि तो सगळा, चंद्रभागेच्या वाळवंटासकट, एका छताखाली घ्या.

आता या गर्दीत मागच्या माणसाला पुढची प्रार्थना ऐकू कशी जाणार? कर्णा नाही, ध्वनिक्षेपक नाही. त्यांनी मधोमध एक लाकडी चौथरा केला होता. त्यावर एक सेवक हातात कापड घेऊन उभा. पुढे आशीर्वचन संपलं की तो कापड हलवायचा, आणि ज्यांना एक शब्दही ऐकू गेलेला नाही ते लाखो लोक एका दमात म्हणायचे, आमेन!

आणि खुर्च्या! ज्येष्ठांसाठी ७१ सोन्याच्या खुर्च्या. तालमूद म्हणतो की एकेका खुर्चीत हजारो किक्कार सोनं होतं. किक्कार हे जुनं वजन, साधारण ३० किलोंचं. आपण कंजूषपणा करू आणि खुर्चीमागे एकच हजार धरू. एक खुर्ची ३० टन. ७१ खुर्च्या म्हणजे २,१३० टन. भारताच्या रिझर्व्ह बँकेकडे २०२५ मध्ये साधारण ८८० टन सोनं होतं. म्हणजे अख्ख्या देशाची सोन्याची गंगाजळी दोनदा ओतली तरी ७१ खुर्च्या पुऱ्या व्हायच्या नाहीत. ८८० टनांत २९ खुर्च्या होतात. दुप्पट केलं तर ५८. अजून १३ म्हातारे उभेच!

पण या वर्णनातला मला सगळ्यात श्रीमंत वाटणारा तपशील सोन्याचा नाही. तिथे लोक सरमिसळ बसत नसत. सोनार एकीकडे, चांदीचं काम करणारे एकीकडे, लोहार एकीकडे, विणकर एकीकडे. परगावाहून एखादा गरीब कारागीर आला की तो बारा लाखांतून आपल्या धंद्याची माणसं हेरायचा, त्यांच्यात जाऊन बसायचा, आणि त्याच्या आणि घरच्यांच्या पोटाची सोय व्हायची. बारा लाखांच्या गर्दीत एकटा माणूस हरवत नव्हता. एवढ्या मोठ्या आकड्याची ही केवढी मोठी करामत!

ग्रंथातलं सोडा, आज हात लावून बघता येतं ते घ्या. बुडापेस्टला दोहान्य रस्त्यावर युरोपातलं सगळ्यात मोठं सिनेगॉग उभं आहे. १८५४ ते १८५९, पाच वर्षांत बांधलं. लांबी ७५ मीटर, रुंदी २७. दोन मनोरे. बसायच्या जागा २,९६४. त्यांत पुरुषांसाठी १,४९२ आणि स्त्रियांसाठी १,४७२. एवढ्या माणसांना झोपायच्या बर्थ द्यायच्या म्हटल्या तर ७२ बर्थचे ४१ स्लीपर डबे भरून वर बारा जण उरतील. इतकी लांब गाडी आपल्या नेहमीच्या फलाटांवर मावणारच नाही. याच इमारतीच्या अंगणात १९४४-४५ च्या हिवाळ्यात घेट्टोत मेलेल्या दोन हजारांहून जास्त माणसांना पुरलंय.  हा आकडा मी कशाशीही तोलणार नाही.

अ‍ॅम्स्टरडॅमचं एस्नोगा १६७५ चं. सगळी इमारत पाण्यात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभी आहे, साडेतीनशे वर्षं. मुख्य दालनात आजही विजेचा दिवा नाही. उजेड कशाचा? मेणबत्त्यांचा. किती? हजार! हातात लांब काठी घेऊन एकटा माणूस दर पाच सेकंदांना एक पेटवत गेला, कुठे न थांबता, तरी शेवटच्या वातीपर्यंत पोचायला त्याला ८३ मिनिटं लागतील. जमिनीवर वाळू पसरलेली. पावलांचा आवाज आणि बुटांचा ओलावा दोन्ही तीच पिते. हजार ज्योती, आणि खाली वाळू.

मग जेरुसलेममध्ये बेल्झ पंथाच्या हसिदी ज्यूंनी बांधलेलं महासिनेगॉग. बांधायला पंधरा वर्षं लागली, २००० मध्ये खुलं झालं. मुख्य दालनात ६ हजार माणसं बसतात. वर नऊ झुंबरं. एकेका झुंबरात चेक स्फटिकांचे दोन लाख तुकडे. नऊ दुणे अठरा, म्हणजे १८ लाख लोलक! सेकंदाला एक पुसायचा म्हटला तर सलग जवळजवळ २१ दिवस आणि २१ रात्री. पहिलं झुंबर पुसून दुसऱ्याकडे जायलाच दोन दिवसांहून जास्त लागतील. आणि समोर हेखाल, तोरेच्या गुंडाळ्या ठेवायचं लाकडी कपाट. आपल्या मराठी बेने इस्रायलींच्या तोंडी हाच शब्द आहे. बेल्झचं हेखाल १२ मीटर उंच आहे, चार मजली इमारतीएवढं. वजन १८ टन. त्यात ७० गुंडाळ्या मावतात. या ७० ला विसरू नका. आपण परत येणार आहोत त्यांच्याकडे.

त्याआधी कैरोला जायलाच हवं, कारण तिथे ज्यूंनी टाकून दिलेल्या कागदांचाच डोंगर होता.

देवाचं नाव असलेला कागद ज्यू जाळत नाहीत, फाडत नाहीत. जीर्ण झाला की सिनेगॉगच्या एका कोपऱ्यात ठेवतात आणि यथावकाश पुरतात. त्या अडगळीला म्हणतात गनिझा. कैरोच्या जुन्या भागात, फुस्तातमध्ये, बेन एझ्रा नावाचं सिनेगॉग आहे. तिथे पुरायचं राहूनच गेलं. वर्षानुवर्षं, शतकानुशतकं लोक टाकत राहिले. भिंतीत उंचावर एक भोक, शिडी लावून चढायचं आणि आत कागद सोडून द्यायचा. कोरड्या विहिरीत टाकावा तसा. साधारण हजार वर्षं! इजिप्तची हवा कोरडी, कागद कुजले नाहीत. देवाच्या नावाचे तर टाकलेच, पण हिब्रू लिपीत लिहिलेलं काहीही टाकलं. लग्नाचे करार, घटस्फोट, वाण्याची यादी, हुंड्या, पोरांनी गिरवलेली बाराखडी.

१८९६ च्या हिवाळ्यात केंब्रिजचे सॉलोमन शेख्टर त्या विहिरीत उतरले. नाकातोंडात शतकांची धूळ. ते घेऊन गेले त्यातले १ लाख ९३ हजार तुकडे आज केंब्रिजला आहेत. जगभर पांगलेले धरले तर बेरीज तीन-चार लाखांवर जाते. केंब्रिजचे तुकडे नुसते बघायचे, वाचायचे नाहीत, दर मिनिटाला एक, दिवसाचे आठ तास, रविवारची सुट्टी नाही, तर ४०२ दिवस! आणि त्यांतला एकेक वाचायला विद्वानांच्या पिढ्या खपल्या.

आणि त्या ढिगात आपला किनारा निघाला! अब्राहम बेन यिजू नावाचा ज्यू व्यापारी ११३२ पासून सतराएक वर्षं मंगळूरला राहत होता. त्याचा तिथे पितळेच्या भांड्यांचा कारखाना होता. तो मिरी, सुपारी, लोखंड पाठवायचा, आणि एडनहून त्याला लिहायचा कागद यायचा, कारण चांगला कागद इकडे मिळत नव्हता. मंगळूर ते एडन, एडन ते कैरो. सरळ रेषेत मोजलं तरी साडेपाच हजार किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्याच्या चौदा खेपा जाऊन-येऊन. शिडाच्या जहाजात, मोसमी वाऱ्याची वाट बघत. आणि एवढा प्रवास केलेली चिठ्ठी सातशे वर्षांहून जास्त काळ त्या अंधारात पडून राहून सुखरूप बाहेर येते!

याच फुस्तातची आणखी एक गोष्ट. बाराव्या शतकात तुदेलाचा बेंजामिन हा प्रवासी तिथे आला, तेव्हा गावात दोन सिनेगॉग होती. बाबिलोनी परंपरेचे लोक संपूर्ण तोरा एका वर्षात वाचून संपवत, आणि पॅलेस्टिनी परंपरेचे लोक तीच तोरा तीन वर्षं पुरवत. एक फास्ट, एक स्लो. पुढे फास्टच टिकली. आज जगभर तोरेचे ५४ भाग वर्षाच्या शनिवारांना वाटून वाचले जातात. तोरा संपली तरी संपत नाही, कारण सिम्हाथ तोराच्या सणाला शेवटचा तुकडा वाचतात आणि त्याच बैठकीत पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात!

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला आकडा. सगळी झुंबरं, सोनं, दगड बाजूला ठेवा. हेखालाचं दार उघडा आणि एक गुंडाळी बाहेर काढा.

सेफेर तोरा. चर्मपत्रावर, पिसाच्या किंवा बोरूच्या लेखणीनं, हातानं लिहिलेली मोशेची पाच पुस्तकं. तिच्यात अक्षरं किती? ३ लाख ४ हजार ८०५. ना एक कमी, ना एक जास्त. लिहिणाऱ्याला सोफेर म्हणतात. तो कितीही मुरलेला असो, पाठ असो, आठवणीतून एक अक्षरही लिहायचं नाही. समोर प्रत ठेवायची, शब्द बघायचा, तोंडानं म्हणायचा, मग लिहायचा. देवाचं नाव लिहिण्याआधी मन एकाग्र करून तसा उच्चार करायचा, आणि ते नाव लिहिलं की पुसता येत नाही. त्यातच चूक झाली तर ते अख्खं चर्मपत्र गनिझात, नवं कातडं घ्यायचं. दुसरं एखादं अक्षर चुकलं तर खरवडून नीट करता येतं. पण तीन लाखांतलं एक जरी अक्षर गळलं, तुटलं किंवा शेजारच्याला चिकटलं, तर सबंध गुंडाळी बाद! दुरुस्त होईपर्यंत तिच्यातून वाचायचं नाही. ३,०४,८०५ पैकी ३,०४,८०४ बरोबर असूनही नापास. असली परीक्षा कुठल्या विद्यापीठात आहे?

शनिवारचा शब्बाथ आणि सण वगळून सोफेर वर्षातले २९० दिवस बसला, तर एका वर्षात गुंडाळी पुरी करायला त्याला रोज हजारावर अक्षरं उतरवावी लागतात. कित्येकांना दीड वर्ष लागतं. नवी गुंडाळी तीस-चाळीस हजार डॉलरच्या घरात जाते, म्हणजे तीसेक लाख रुपये. सरळ भाग द्या. अक्षरामागे साधारण दहा रुपये! बेल्झच्या हेखालातल्या ७० गुंडाळ्या म्हणजे २१ कोटी रुपये आणि दोन कोटी तेरा लाख अक्षरं, एकेक सुटं, एकेक तपासलेलं.

गुंडाळी पूर्ण उलगडली तर साधारण ४० मीटर भरते, रेल्वेचे पावणेदोन डबे. बेल्झच्या सत्तर एकापुढे एक ठेवल्या तर २,८०० मीटर, चोवीस डब्यांच्या पाच गाड्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून उलगडत निघालो तर मशीद मागे पडेल, सँडहर्स्ट रोड मागे पडेल, भायखळ्याच्या वाटेवर सत्तरावी गुंडाळी संपेल.

मग थांबायचं कशाला? जाऊ द्या पुढे! दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण, कर्जत, घाट चढून लोणावळा आणि थेट पुणे. लोहमार्गानं १९२ किलोमीटर. चाळीस मीटरची एक, या मापानं मुंबई-पुणे रुळांवर ४,८०० गुंडाळ्या अंथराव्या लागतील. आता अक्षरं मोजा. ४,८०० गुणिले ३,०४,८०५.

१४६ कोटी ३० लाख ६४ हजार!

हा आकडा ओळखीचा वाटतो ना? संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२५ मध्ये भारताची लोकसंख्या होती १४६ कोटी ३९ लाख. मुंबई ते पुणे तोरा अंथरली तर या देशातल्या दर माणसाच्या वाट्याला एक अक्षर येतं!

आणि हे वाटप ज्यूंच्या रीतीला धरूनच आहे. नवी गुंडाळी पुरी होते तेव्हा सोफेर शेवटची काही अक्षरं नुसती रेखून पोकळ ठेवतो. मग मंडळी एकेक करून पुढे येतात आणि एकेक अक्षर भरलं जातं. कुणी आजोबांच्या नावानं, कुणी नव्या बाळाच्या.

तर चला, आपण सगळे रांगेत उभे राहू. किलोमीटरला ७६ लाख अक्षरं. लोकलचे दिवसभराचे सगळे प्रवासी मशीद स्टेशन येण्याआधीच आपापलं अक्षर भरून मोकळे होतील. २०११ चा अख्खा महाराष्ट्र, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, कुर्ला यायच्या आत संपेल. कर्जतला ७६ कोटी माणसं झाली असतील आणि घाट अजून चढायचाय! खंडाळ्याच्या बोगद्यांत कोट्यवधी, लोणावळ्याला कोट्यवधी, तळेगाव, चिंचवड, शिवाजीनगर, आणि पुणे स्टेशनच्या फलाटावर शेवटची गुंडाळी संपली तरी आठ लाखांवर माणसं हातात लेखणी घेऊन उभी. त्यांच्यासाठी आणखी तीन गुंडाळ्या लागतील, १२० मीटर. त्या स्टेशनाबाहेर, लाल देवळाच्या दिशेनं अंथरू.

आणि या १४६ कोटींपैकी तुमचं एकट्याचं अक्षर तुटलं, तर तुमची ती चाळीस मीटरची गुंडाळी तशीच उचलून सोफेरकडे न्यावी लागेल. बाकीच्या ३ लाख ४ हजार ८०४ जणांना तोवर खोळंबावं लागेल!